प्लेटलेट्सवाल्या मॅडम

काचेची नळी खिडकीच्या उजेडात धरून मॅडम ती हलकेच फिरवायच्या आणि श्वास रोखून विचारायच्या, "चिकटल्या का रे?" चिकटल्या म्हणजे रक्तातल्या प्लेटलेट्स.

उज्जैनच्या कॉलेजात त्या शिकवायच्या, मी प्रयोगशाळा सहायक. चरबी खराब झाली की तिच्यातून निघणारे पदार्थ प्लेटलेट्सना काय करतात, हा त्यांचा अभ्यास. "जखम झाली तरच गोळा व्हायचं, एवढंच त्यांचं काम. हे पदार्थ त्यांना उगीच भडकवतात. मग गुठळी," त्या समजावायच्या, आणि समजावताना स्वतःच घाबरायच्या. टावर चौकात कचोरीवाल्याच्या कढईत वाकून बघायच्या. "भैया, तेल कब बदला?"

"मैडम, आप तो रोज पूछती हो!"

प्रयोगासाठी निरोगी माणसाचं रक्त लागे. ते माझं असायचं. एका सकाळी माझ्या रक्तात तो पदार्थ घातलेलाच नसताना नळीत पांढरे कण तरंगू लागले, म्हणजे प्लेटलेट्स आपोआपच चिकटल्या होत्या. मॅडमचा चेहरा उतरला. "माझंच काही चुकलं असेल," म्हणत त्यांनी दुसऱ्या हातातून रक्त घेतलं. पुन्हा तेच.

"मला काही त्रास नाहीये, मॅडम."

"म्हणूनच तर! चल, आत्ताच्या आत्ता."

स्कूटीवर मागे बसवून त्यांनी मला फ्रीगंजच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणीत साखर भयंकर वाढलेली निघाली. "शुगर वाढली की आपलीच चरबी आतल्या आत खराब होते रे," त्या म्हणाल्या. तोवर माझी बायको आली होती. दोघी बाकावर हात धरून बसल्या. कोण कुणाला धीर देत होतं, कळत नव्हतं.

एकदा मी विचारलं, "मॅडम, आज तुमचं रक्त घेऊ?" त्यांनी बाही झटकन खाली ओढली. "माझं राहू दे. मला भीती वाटते."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

परीक्षेच्या दिवसांत त्यांचा डावा हात मधूनमधून बधिर व्हायचा. मी दोनदा म्हटलं, डॉक्टरांना दाखवा. "प्रॅक्टिकल होऊ दे." मीही गप्प बसलो. माझ्या वेळी त्यांनी मला विचारलं नव्हतं, ओढत नेलं होतं.

प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी मॅडमच्या मेंदूत गुठळी अडकली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

परीक्षा टळली नाही. बाहेरगावचे परीक्षक आले आणि मॅडमच्या खुर्चीकडे वळले. मी धावत जाऊन शेजारच्या खोलीतून दुसरी खुर्ची आणली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता तिच्यावर बसले.