लोहारद्याचा खोटा हुरडा

ही सहल ठरली ती माझ्या सासऱ्यांना गावी जाण्यापासून थोपवायला. ज्यांना हिवाळ्यात मुलाबाळांना घेऊन शेतावर जायचंय त्यांच्यासाठी रस्ता, खाणं, खर्च सगळं सांगतेच, पण आधी सासऱ्यांचं, म्हणजे आप्पांचं सांगते, कारण आप्पांशिवाय आम्ही देवास सोडून लोहारद्याला कशाला गेलो असतो?

गोष्ट दोन हजार सालच्या आसपासची. अविनाश, म्हणजे माझा नवरा, मूळचा बार्शीकडचा, कारखान्यातल्या नोकरीसाठी देवासला आलेला. मी इथलीच, जन्मापासून पोहे-जलेबीवर वाढलेली. सासूबाई गेल्यावर आप्पांना आम्ही इकडे घेऊन आलो. आले, पण मुक्कामाला आल्यासारखे. त्यांची खाकी पिशवी भरलेलीच खाटेखाली असायची. दोन धोतरं, दोन सदरे, पंचांग आणि अडकित्ता. रोज केर काढताना मी ती पिशवी बाहेर ओढायची आणि परत आत ढकलायची.

आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन करू म्हटलं की म्हणायचे, बघायचं ते बघून झालंय. गावचं घर बंद, शेत वाट्याने दिलेलं, तिथे त्यांना भाकरी करून घालणारं कुणी नाही. गावच्या शेजाऱ्यांनी आधीच फोन करून कळवलं होतं, आप्पा विहिरीच्या काठाने चाचपडत चालतात, तुम्ही घेऊन जा. मला त्यांच्या टोमण्यांचा वैताग यायचा, खोटं कशाला बोलू, माझ्या प्रत्येक भाजीला त्यांच्याकडे बार्शीची एक वरचढ भाजी तयार असायची. पण त्या विहिरीचं ऐकल्यापासून मला रात्री नीट झोप येत नव्हती. त्यांनी जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं.

संक्रांत झाली आणि आप्पांनी जाहीर केलं, हुरड्याचे दिवस आले, मी निघतो. हुरड्याशिवाय त्यांचा एक हिवाळा गेलेला नव्हता. आता माळव्यात ज्वारी आणायची कुठून? सोयाबीन आल्यापासून इकडे ज्वारी कुणी विचारत नाही, आणि हिवाळ्यात जिकडे बघावं तिकडे गहू आणि हरभरा. अविनाशच्या ऑफिसात धारचे एक जुने मराठी गृहस्थ होते. त्यांच्या घरी अजून ‘आपण आसनस्थ व्हावे’ असलं मराठी चालतं. त्यांनी सांगितलं की लोहारद्याजवळ एक शेतकरी दर रविवारी शहरातली कुटुंबं बोलावतो, हिरवा हरभरा भाजून देतो, त्याला होला म्हणतात, आणि कोवळ्या गव्हाच्या ओंब्या भाजून देतो, त्यांना उंबी. वर दाल-बाफले. माणशी पन्नास रुपये, पोरांचे निम्मे.

झालं. अविनाशच्या डोक्यात किडा शिरला. म्हणाला, आप्पांना कुठे दिसतंय? गव्हाच्या ओंब्या आपणच भाजायच्या, आपणच चोळायच्या, चटणीत घोळून त्यांच्या हातावर ठेवायच्या आणि म्हणायचं, घ्या हुरडा. इंजिनीअर माणूस, पण अक्कल बघा. मी म्हटलं, सत्तर वर्षं हुरडा खाल्लेला माणूस आहे तो. तर म्हणे तू चटण्या झणझणीत कर. मग मीही केल्या. शेंगदाण्याची, जवसाची, लसणाची, आणि खबरदारी म्हणून बारीक शेवेची पुडी घेतली. शेव टाकली की काहीही खपतं, हा आमचा देवासचा अनुभव. एसटीडीवरून अविनाशने त्या शेतकऱ्याला पढवलं, वडिलांसमोर गव्हाचं नाव काढायचं नाही, विचारलंच तर मालदांडी ज्वारी म्हणायचं. तो बिचारा म्हणाला, हो जायगा साब.

रविवारी उजाडता निघालो. देवासहून हाटपिपल्या, तिथून चापडा, मग घाट उतरून बिजवाडवरून कांटाफोड आणि पुढे लोहारदा. त्या काळी आमच्याकडचे रस्ते असे होते की गाडी कुठून न्यायची ते ट्रकवाल्यांनी आधीच ठरवून शेतातून नवी वाट पाडलेली असायची. आमच्या मारुतीचं पोट दगडांना घासत होतं आणि मागे आमची रेवती, वय वर्षं दहा, हिंदी शाळेतली, आजोबांना सांगत होती, “आप्पा, पकडून बसा, नहीं तो सर फुटेगा.” हाटपिपल्याला बसस्टँडसमोर पोहे-जलेबी खाऊन घ्या, पुढे घाटापर्यंत धड काही मिळत नाही. आप्पांनी पोह्यांवरची शेव बोटाने बाजूला काढली आणि म्हणाले, माती टाकतात तशी शेव टाकता तुम्ही लोक. मी शेवेची पुडी चटण्यांच्या डब्यामागे सरकवली.

शेतावर पोचलो तर छान मांडामांड. आंब्याखाली खाटा, पाण्याचे माठ, बैलगाडी, एका बाजूला गोवऱ्यांचा विस्तव. मालक आप्पांच्याच वयाचे, पांढरा साफा, भरघोस मिशा. त्यांना सगळे पटेल बा म्हणत. दोन-चार कुटुंबं इंदूरहूनही आलेली, त्यांची पोरं हरभऱ्याने तोंडं काळी करून नुसती उंडारत होती. रेवती उतरली ती थेट त्यांच्यात.

आता नाटकाचा पहिला अंक. अविनाशने ओंब्या निखाऱ्यात घातल्या, चटके खात हातावर चोळल्या, फुंकर मारली, लसणाची चटणी लावली आणि आप्पांच्या तळहातावर मूठ रिकामी केली. मी दुसरीकडे बघत होते. आप्पांनी तोंडात टाकलं, चावलं, थांबले. मग शांतपणे पटेल बांना त्यांच्या हिंदीत विचारलं, ये कौनसी ज्वारी है?

“मालदांडी,” पटेल बा म्हणाले, आणि कपाळाचा घाम पुसला.

पेरली कधी, असं आप्पांनी विचारलं. बा म्हणाले, नवरात में. पाणी किती दिलं? बा अविनाशकडे बघायला लागले, कारण एवढं पढवलेलं नव्हतं. आप्पांनी दोन बोटांनी आपल्या मिशीत अडकलेलं एक लांब कुसळ काढलं आणि समोर धरलं.

“ज्वारीला मिशा कधीपासून फुटल्या, अव्या?”

अविनाश काही बोलायच्या आत पटेल बांचाच धीर सुटला. हात जोडून म्हणाले, “म्हारे से झूठ नी बने, बासाब. गेहूं हे. पण असो गेहूं तमारा पूरा मुलक में नी मिले.” त्यांना खोटं बोलल्याचं दुःख नव्हतं, आपल्या गव्हाला ज्वारी म्हणावं लागलं याचं होतं.

मला वाटलं आप्पा हसतील. ते हसले नाहीत. हातातले दाणे त्यांनी नीट खाटेवर ठेवले आणि म्हणाले, “डोळ्यांनी दिसत नाही मला. जिभेला मोतीबिंदू झालेला नाही.” मग अविनाशला म्हणाले, उद्याच्या गाडीत बसवून दे. आणि जाऊन बैलगाडीच्या जुवावर पाठ करून बसले. अविनाशचा चेहरा असा झाला की मला त्याला ‘सांगितलं होतं ना’ म्हणायचीही इच्छा राहिली नाही. चटण्या तर मीच वाटल्या होत्या.

जेवायची वेळ झाली. ज्यांनी दाल-बाफले खाल्लेले नाहीत त्यांच्यासाठी: जाड्या कणकेचे गोळे आधी उकडतात, मग गोवऱ्यांत भाजतात, मग तुपात बुडवतात. वाढणारा ‘नको’ हा शब्द ऐकू येत नसल्यासारखा वाढतो. माळव्यात पाहुण्याने नको म्हणायचं आणि यजमानाने ताटात टाकायचं हा रिवाजच आहे, ताट सरकवलं तर हातावर वाढतात. अविनाशची हिंमत होईना, म्हणून पटेल बा स्वतः ताट घेऊन बैलगाडीपाशी गेले. आप्पा म्हणाले नको. बांनी बाफला कुस्करून तूप ओतलं. आप्पा म्हणाले हे दगड आमच्याकडे बैलांना घालत नाहीत. बांनी आणखी एक कुस्करला. आप्पा रागावून जेवले, पण चांगलं पोटभर जेवले.

बाफल्यांनंतर माणूस उठूच शकत नाही, एवढी सूचना घरी जाणाऱ्या ड्रायव्हरांनी लक्षात ठेवावी. अविनाश आंब्याखाली आडवा झाला, रेवती खाटेवर, आणि मीही चटण्यांच्या डब्याला टेकून डोळे मिटले. जाग आली तर बैलगाडी रिकामी. मी ताडकन उठले, कारण शेतात विहीर होती. धावत गव्हाच्या बांधावर गेले तर दोन्ही म्हातारे उकिडवे बसलेले, आप्पांच्या मुठीत काळी माती, आणि भांडण जोरात. आप्पा मराठीत, बा माळवीत, दोघांचं एकमेकांना सगळं कळत होतं.

आप्पांचं म्हणणं, एवढी काळी कसदार जमीन आणि तुम्ही ज्वारी लावत नाही म्हणजे करंटेपणा आहे. बांचं म्हणणं, माझ्या बापाच्या वेळी इथे ज्वारीच होती, आता कुणी लावत नाही आणि लावली तर पाखरं खाऊन जातात. आप्पा म्हणाले, पाखरं खातात कारण तुमच्यात राखण करणारा माणूस नाही, गोफण घेऊन माचाणावर बसणारा. बा म्हणाले, मग या तुम्ही, बीज तम लाव, खेत म्हारो. आप्पा म्हणाले, येईन की.

आणि पटेल बा म्हणाले, “तमारे दीखे तो नी हे. चिड़ी कसे उड़ावोगा?”

तुम्हाला दिसत तर नाही, चिमण्या कशा हाकणार? आमच्या घरात हे वाक्य असं तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. आम्ही ‘जरा अंधूक’, ‘थोडासा त्रास’ असं बोलायचो.  आप्पा मातीचा गोळा हातात चुरत राहिले. मग उठायला हात पुढे केला, तो पटेल बांनी धरला. दोघं तसेच परत आले.

 परतीच्या वाटेवर घाट चढताना मागून आप्पांचा आवाज आला, “अव्या, ते ऑपरेशन केलं तर नजर यायला किती दिवस लागतात?” अविनाशने गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. डोळ्यांत काहीतरी गेलंय म्हणाला. रेवती म्हणाली, “बाबा, आपका भी करा लो साथ में.”

उन्हाळ्याच्या आत आप्पांचे दोन्ही डोळे झाले. पट्टी निघाल्यावर पहिलं वाक्य: घराच्या भिंती इतक्या कळकट असतील असं वाटलं नव्हतं. पावसाळा सरल्यावर गावाहून आप्पांचं शेत वाट्याने करणाऱ्याने मालदांडीचं बी धाडलं. सोयाबीन निघाल्याबरोबर पटेल बांनी बांधालगतचा एक तुकडा मोकळा करून दिला. दाणा भरायला लागला तसे आप्पा बसने लोहारद्याला जाऊन राहिले, माचाणावर, गोफण घेऊन.

जानेवारीत आम्ही परत गेलो. तोच रस्ता, खड्डे जरा वाढलेले. आप्पा काळवंडलेले, घसा बसलेला. झालं असं होतं की अख्ख्या मुलखात ज्वारीचा तो एकच तुकडा, त्यामुळे थेट सतवास गावापासूनची सगळी पाखरं जेवायला तिथेच. आप्पांना आता एकेक चिमणी, एकेक पोपट स्पष्ट दिसत होता आणि त्यामुळे त्यांचा संताप अनावर होत होता. पटेल बा खुशीत होते. रोज सकाळी माचाणाखाली चहा घेऊन जायचे आणि विचारायचे, आज कितरा पावणा, म्हणजे आज पाहुणे किती?

उरलेली कणसं एका टोपलीत मावली. आगटी पेटली. आप्पांनी पहिली मूठ चोळली, फुंकली, आणि अविनाशला म्हणाले, डोळे मीट. पहिल्या घासाला ज्वारी दिली, दुसऱ्या घासाला पटेल बांचा कोवळा गहू, चटणी न लावता. मग विचारलं, हुरडा कुठला? अविनाश बराच वेळ चावत राहिला आणि ठामपणे म्हणाला, दुसरा.

पटेल बा एवढे हसले की साफा सुटला. आप्पा हसले नाहीत, नुसती मान हलवली, पण उरलेली मूठ त्यांनी माझ्या हातावर ठेवली. खरं सांगते, गरम, गोड, दुधाळ, असं काही मी आधी खाल्लं नव्हतं. शेव घरीच राहिली होती, बरंच झालं.

आता हिशेबाचं. रस्ता हाडं खिळखिळी करतो, बाफले दोन दिवस पोटात बसतात, आणि खरा हुरडा माणशी दोन मुठी मिळाला. तरीही जा. तिथल्या गव्हाची उंबी खरंच चांगली आहे, फक्त तिला तिच्याच नावाने खा.

आप्पांना घेऊन घरी आलो आणि त्यांची पिशवी परत खाटेखाली गेली. त्या संध्याकाळी मी केर काढत होते. खाटेखालची पिशवी ओढायला गेले तर आप्पा स्वतःच वाकून ती बाहेर काढत होते. म्हटलं संपलं, निघाले. त्यांनी धोतरं, सदरे, पंचांग, अडकित्ता एकेक करून खाटेवर मांडलं, आणि खिशातला रुमाल सोडून त्यातली मूठभर ज्वारी पिशवीत ओतली. पाखरांच्या तोंडून वाचवलेलं, आधी पिकलेल्या कणसांतलं पुढच्या पेरणीचं बी होतं ते.

“शुभा,” ते म्हणाले, “हे कपडे कुठे ठेवायचे? कपाटात जागा कर.”

मी लगेच केली. अविनाशचे स्वेटर तेव्हापासून खाटेखाली आहेत.