तोरगल सर आणि निळी लॅम्ब्रेटा

सुमंत तोरगल सर केशवापुरात आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. उभी हयात त्यांनी धारवाडच्या एका कॉलेजात इतिहास शिकवला आणि निवृत्त झाल्यावर जुन्या स्कूटरींच्या नादाला लागले. निवृत्त माणसं बागकाम करतात, नातवंडांना फिरवतात, गीतेच्या वर्गाला जातात. सर गुजरीत, म्हणजे आमच्याकडच्या भंगार बाजारात, जाऊ लागले. तिथून गंजलेलं काहीतरी टेम्पोत घालून आणायचं, अंगणात उघडायचं, आणि महिनोन् महिने घासत बसायचं. अंगण भरलं तेव्हा एक वेस्पा व्हरांड्यात आली. व्हरांडा भरला तेव्हा एक सांगाडा हॉलमध्ये आला. त्यावर मंगलावहिनींनी टॉवेल वाळत घालायला सुरुवात केली.

“अहो, पाहुणे आले तर बसवू कुठं?”

“बसू देत की वेस्पावर. सीट नवीन आहे.”

तयार झालेली गाडी सर विकायचे. पण विकायचं म्हणजे मुलगी देण्यासारखं. गिऱ्हाईक पुण्याचं असो की बेंगळूरूचं, त्याला आधी चहा, मग प्रश्न. ठेवणार कुठं, सावली आहे का, चालवणार कोण, रंग तर बदलणार नाही ना? स्वतःच्या मुलीचं, नेत्राचं, लग्न त्यांनी एका बैठकीत पक्कं केलं होतं आणि मुलगा काय करतो हे त्यांना साखरपुड्यात नीट कळलं होतं. स्कूटरीच्या बाबतीत मात्र दोन स्थळं त्यांनी दारातून परत पाठवली. एकजण तिला चॉकलेटी रंग देणार होता.

रंग हा त्यांचा जीव की प्राण. गाडी कारखान्यातून निघाली त्या सकाळी जशी होती तशीच दिसली पाहिजे, हे त्यांचं तत्त्व. याला ते ‘मूळ स्वरूप’ म्हणत. जुन्या वाहनांचा नाद असलेल्यांचा इथं एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. तिथं ‘मूळ स्वरूप’ हा शब्द सरांनीच रुजवला, आणि कुणी चुकीचा स्क्रू लावला तरी ते त्याची हजेरी घ्यायचे.

गेल्या वर्षी त्यांनी एक लॅम्ब्रेटा पुरी केली. गुजरीतून आणली तेव्हा ती निळीभोर होती. साधा ऑइलपेंट, ब्रशानं फासलेला, एकावर एक थर. सरांनी तो सगळा खरवडला. लोकेश नावाचा मेकॅनिक त्यांच्या मदतीला यायचा. त्यानं पत्र्याचे पोचे काढले, स्टेपनीच्या वर जोडलेला एक ओबडधोबड लोखंडी कॅरिअर गॅसनं कापून टाकला, आणि शेवटी गाडीवर राखाडी आणि दुधी असे कारखान्याचे दोन रंग चढले. पुण्याच्या एका गृहस्थांनी फोटो बघूनच ती मागितली. इथल्या एका कन्नड वर्तमानपत्रात सरांचा फोटो आला, लॅम्ब्रेटाच्या सीटवर हात ठेवलेला. नंबरप्लेट स्पष्ट दिसत होती.

त्या नंबरावरूनच दोघीजणी आल्या. एक पोस्टात नोकरी करणारी, पन्नाशीची, पद्मा कांबळे. दुसरी तिची आई हिराबाई, ऐंशीच्या घरातली, पांढरं लुगडं, हातात काठी. पद्मानं नमस्कार केला आणि म्हणाली, “सर, पेपरात वाचलं. आईला गाडी बघायची होती.”

सरांना गाड्या बघायला येणाऱ्यांचं अप्रूप होतं. पुढचं ऐकून न घेताच त्यांनी ताडपत्री ओढली आणि व्याख्यान सुरू केलं. हा हेडलाइट कसा मिळाला, हे रबर कुठून आणलं. मोबाइल काढून ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे फोटोही दाखवले.

“हे बघा आधीचं. कुणा अडाण्यानं बोटीला मारतात तसला निळा रंग फासला होता. वर काहीबाही लिहिलेलं. ते काढताना माझी नखं गेली.”

हिराबाईंनी मोबाइल हातात घेतला. ‘आधी’चा फोटो बराच वेळ बघितला.

“माझ्या मालकांनी मारलेला तो रंग,” त्या म्हणाल्या.

मंगलावहिनी चहा घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या.

मग पद्मानं सांगितलं. वडील गंगाराम कांबळे, रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर. गदग रोडच्या बाजूला त्यांच्या गल्लीत पहिली स्कूटर त्यांची. घेतली तीही जुनीच. घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी निळी केली. पुढच्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरात ‘जयभीम’, एका बाजूला मराठीत, एका बाजूला कन्नडात. दर वर्षी चौदा एप्रिलच्या आधी नवा हात मारायचे, म्हणून ते थर. तो कॅरिअर त्यांनी स्वतः वेल्डिंग केला होता. त्यावर गल्लीतल्या पोरींची दप्तरं बांधायचे आणि मॅट्रिकच्या परीक्षेला एकेकीला सेंटरवर सोडून यायचे. पद्माही तशीच गेली होती. वरच्या आळीतले लोक विचारायचे, ‘काय गंगाराम, मोठा साहेब झालास काय?’ तेव्हा ते हॉर्न वाजवायचे.

माणूस घाबरला की जे पाठ असतं तेच बोलतो, तसे सर म्हणाले, “पण अक्का, हेच हिचं मूळ स्वरूप आहे.”

हिराबाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. काठीचं टोक टायरला हळूच टेकवून बघितलं. “छान केलंय की सर. पोरीगत नटवलंय. पण ही आमची न्हवं.” त्यांनी चहा घेतला, वहिनींना ‘आमच्याकडं या एकदा’ म्हटलं, आणि दोघी ऑटोत बसून गेल्या. एक शब्द वावगा बोलल्या नाहीत. सर म्हणतात, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वहिनींनी कपबशा उचलता उचलता विचारलं, “शिलालेखाला चुना फासणाऱ्या पुजाऱ्याची गोष्ट तुम्ही वर्गात दर वर्षी सांगायचात ना हो?”

“तो शिलालेख होता.”

“आणि हे काहीबाही होतं.”

दोन-तीन दिवस सर अंगणात फिरकले नाहीत. मग लोकेशला बोलावून म्हणाले, गाडी परत निळी करायची. लोकेशनं आधी डोक्याला हात लावला. “अय्यो सर, इवत्तु, आज उल्टा काम? पोचे पण परत घालायचे काय? काढायचे पैसे घेतो मी, घालायचे कसे घेऊ?”

पोचे राहू दे, सर म्हणाले. पण निळा म्हणजे कुठला निळा? खरवडलेला रंग कचऱ्यात गेला होता. मोबाइलच्या फोटोवर भरवसा नव्हता, दर स्क्रीनवर वेगळा दिसे. दुर्गदबैलच्या बाजारातल्या रंगाच्या दुकानातून ते निळ्यांची अख्खी पट्टी घेऊन आले आणि ती घेऊन हिराबाईंच्या घरी गेले. पद्मानं एक फोटो शोधून दिला. गंगाराम गाडीवर बसलेले, छाती पुढं. फोटो ब्लॅक अँड व्हाइट होता.

हिराबाईंनी पट्टीवरचे सगळे निळे बघितले आणि प्रत्येकाला म्हणाल्या, “असाच होता. जरा येगळा.” मग एकदम त्यांना आठवलं. उरलेल्या रंगातून मालकांनी हे पुढचं दारही रंगवलं होतं. त्यावर आता हिरवा होता, हिरव्याखाली बिस्किटी, त्याखाली काय कोण जाणे.

“अक्का, खरवडू का?” सरांनी विचारलं.

मग इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक सुमंत तोरगल, खिशातलं ब्लेड काढून, गदग रोडच्या गल्लीत एका घराचं दार खरवडत उकिडवे बसले. दोन्हीकडच्या घरांतून माणसं बाहेर आली. बँकेची जप्ती आली असं कुणीतरी म्हणालं. एकानं तर सरांची कॉलर धरली.

“सोड रे त्यास्नी,” हिराबाई ओरडल्या. “रंग हुडकायलेत.”

हे ऐकून लोकांच्या शंका कमी झाल्या नाहीत, पण कॉलर सुटली. हिरवा निघाला, बिस्किटी निघाला, एक गुलाबीही निघाला, ज्याची जबाबदारी कुणी घेतली नाही. आणि त्याखाली नखाएवढा निळा. हिराबाई वाकल्या, बोट लावलं. पद्मा आत गेली आणि थोड्या वेळानं तोंड धुऊन बाहेर आली.

लॅम्ब्रेटा निळी झाली, स्प्रेनं नाही, ब्रशानं. ‘जयभीम’ची मराठी अक्षरं पद्मानं रविवारी येऊन स्वतः काढली, कन्नड लोकेशनं. सरांनी तो फोटो ग्रुपवर टाकला आणि ग्रुपवर शोककळा पसरली. पुण्याच्या गृहस्थांनी ‘शुभेच्छा’ असं लिहून व्यवहार मोडला. धारवाडच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात परीक्षकांनी गाडीला ‘मूळ स्वरूप’ या रकान्यात शून्य दिलं. तो रकाना सरांनीच दोन वर्षांपूर्वी घालायला लावला होता. त्यांनी परीक्षकांशी वाद घालून बघितला, तर त्यांनी सरांचेच जुने मेसेज वाचून दाखवले.

गाडी हिराबाईंना भेट द्यायला ते गेले, तर त्या म्हणाल्या, “मी ठिऊ कुठं? पद्माकडं कार हाय. तुमच्याकडंच असू द्या. एक चक्कर मारा मला घिऊन, बास.”

आता आम्हा शेजाऱ्यांनाच ठाऊक असलेली गोष्ट सांगायला हवी. सर गाड्या चालवायचे नाहीत. ढकलायचे, सुरू करायचे, आवाज ऐकायचे, बंद करायचे. बाजाराला जायचे सिटी बसनं. पण नाही म्हणायची सोय नव्हती. हिराबाई एका बाजूला पाय सोडून मागं बसल्या, काठी आडवी धरली. वहिनींनी देवाला हात जोडले. गाडी कोपऱ्यापर्यंत गेली, पुढं चौकापर्यंतही गेली, आणि ऐन चौकात, दोन बसच्या मधोमध, बंद पडली. सर किक मारमारून घामाघूम झाले. मागून हॉर्न, पुढून ट्रॅफिक पोलीस, “येन्री, सरकवा!”

हिराबाई खाली उतरल्या. हसत होत्या, पदरानं तोंड झाकून.

“आता कशी आमची वाटायली,” त्या म्हणाल्या. “ह्यांचीबी हितंच बंद पडायची.” आणि ऑटोला हात करून घरी गेल्या. सरांनी गाडी ढकलत आणली.

आता सर बदलले आहेत. गुजरीत काहीही घेण्याआधी विचारतात, ही कुणाची होती, रंग कुणी मारला, काय करायचा तो माणूस? ही सवय गुजरीवाल्यांच्या लगेच लक्षात आली. तेव्हापासून तिथल्या प्रत्येक स्कूटरला इतिहास आहे. कुठली स्वातंत्र्यसैनिकाची, कुठली एका कीर्तनकाराची, एक तर म्हणे प्रेमविवाहासाठी पळून जाताना वापरलेली. भावही त्याप्रमाणे चढले आहेत. परवाच सरांनी अशी एक पिवळी मोपेड आणली. पळून गेलेल्या जोडप्याची. ती आमच्या सामाईक भिंतीला टेकून उभी आहे. ते जोडपं पुढं कुठं राहिलं, हे विचारायला ते उद्या पुन्हा गुजरीत जाणार आहेत. वहिनी म्हणाल्या, “जाताय तर येताना कोथिंबीर आणा.”