चौघींना सारखं पाणी

गायकवाड मामांना सकाळी कुणी जयभीम घातला, तर उत्तर मिळायला दहा मिनिटं लागत. तेवढा वेळ ते मशीनखाली वाकून, पाणी सोडून, एकेका फवाऱ्यासमोर तळहात धरत. चारही बाजू झाल्या की हात पुसून म्हणत, "जयभीम. बोला आता."

अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात वितळलेलं पोलाद तांब्याच्या साच्यात ओततात. तिथे त्याला जेमतेम साल धरते. आत रसच असतो. तशीच ती लालभडक चौकोनी कांब खाली सरकते आणि चारही बाजूंच्या फवाऱ्यांत निवत जाते. "या चार बाजू म्हणजे चार लेकी आहेत," मामा म्हणायचे. "एकीला जास्त, एकीला कमी दिलं, की घर वाकडं."

मी एम.टेक. करून नुकताच लागलो होतो, सहा महिन्यांच्या बोलीवर. उष्णता कुठून किती बाहेर पडते याचं गणित माझ्या लॅपटॉपमध्ये होतं. त्यात चारही बाजूंना पाणी सारखं पडत होतं, कारण मीच तसं टाइप केलं होतं. मोठ्या पाइपावर मीटर आहे, आकडा बरोबर येतोय, मग रोज हात कशाला भिजवायचे? मी मामांचा तो कार्यक्रम लेखी हुकमाने बंद केला आणि दहा मिनिटं वाचवल्याबद्दल स्वतःलाच चहा पाजला.

तिसऱ्या आठवड्यात कांबी तिरक्या यायला लागल्या. कोपऱ्यांलगत बारीक चिरा.

"साहेब, बर्फी सांगितली होती ना?" मामा म्हणाले. "शंकरपाळी झालीय."

"मशीन तुम्ही चालवता," मी म्हणालो, आणि रिपोर्टात लिहिलं: चालवणाऱ्याचा निष्काळजीपणा.

मामांना निवृत्तीनंतर आणखी दोन वर्षं ठेवायचं की नाही, हे शेठ त्याच आठवड्यात ठरवणार होते. धाकट्या मुलीच्या नर्सिंगची दोनच वर्षं उरली होती. हे सगळ्या खात्याला माहीत होतं. मलाही.

मामा भांडले नाहीत. मशीन थांबल्यावर पाणी सोडून एवढंच म्हणाले, "हात घाला."

तीन बाजूंनी हाताला सपकारे बसले. चौथीकडे नुसतं ठिबकत होतं. बोअरच्या पाण्याच्या क्षाराने तिथले फवारे बुजले होते. तिचा वाटा बाकीच्या तिघी पीत होत्या, आणि मीटर समाधानी होता. माझ्यासारखाच.

मी तसाच ओल्या बाहीने केबिनमध्ये गेलो. "शेठ, रिपोर्टात नाव चुकलंय. तिथे माझं हवं." हात धरून पाहणं मीच बंद केलं होतं, हेही सांगितलं.

शेठ उल्हासनगरचे, रागावले की मराठी सोडायचे. "तो फिर तुमको क्यों रखूँ?"

मागून आलेले मामा दारातच थांबले होते. "ठेवा, शेठ. साहेबांच्या चुका आता आपल्याला पाठ झाल्यात. नवा आणलात तर तो नव्या करेल. त्या पाठ करायला मला दोन वर्षं पुरायची नाहीत."

"दो साल तुमको किसने बोला?"

"अजून कुणी नाही."

शेठनी हसू दाबत पेन उघडलं, आणि आम्हा दोघांनाही ठेवून घेण्याच्या कागदांवर सही केली.

ती दोन वर्षं सरली. मुलगी आता नर्स आहे, मामा बदलापूर गावात घरी असतात. मी फोन केला तर खुशाली विचारत नाहीत. म्हणतात, "आता नवीन काय चुकवलंत?"