पाड्याची बाव

अंधेरीच्या ऑफिसात मी गोराईचा आहे म्हटलं, की लोक विचारतात, "तिथे रिसॉर्ट सोडून कुणी राहतं?" राहतं. आमचा पाडा रिसॉर्टांच्या कितीतरी आधीचा आहे. घरं थोडी, सगळी एकमेकांच्या नात्यातली, बहुतेक भाजीपाला पिकवणारी ख्रिस्ती माणसं. आणि घरांच्या मधोमध बाव. विहिरीला आम्ही बावच म्हणतो.

एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. इथे गोडं पाणी लागणं सोपं नव्हतं. पणजोबांच्या पिढीने आधी दोन जागी खणलं, दोन्हीकडे खारं. तिसऱ्यांदा खणायला अर्धा पाडा तयार होईना. उरलेल्या अर्ध्याने खणलं आणि पाणी गोडं लागलं. आज विचारा, प्रत्येक घर सांगेल की आमचा माणूस खणणाऱ्यांतला होता.

नळ आले आणि बाव मागे पडली. तिच्यात झावळ्या पडल्या, बाटल्या पडल्या, कुणीतरी जुना फ्रिजसुद्धा लोटला. माझ्या बहिणीचं लग्न ठरलं त्या वर्षी चर्चच्या पटांगणात पाड्याची बैठक झाली. आमचा शेजारी म्हणाला, "बुजवून टाकू या ना. शनिवार-रविवारी बाहेरच्यांच्या गाड्या लागतील तिथे." बऱ्याच माना हलल्या.

मागच्या बाकावरून माझी आते उठली. वडिलांची ही मोठी बहीण. लग्न केलं नाही, आयुष्यभर वांगी-मुळे पिकवले आणि होडीने बोरिवलीच्या बाजारात नेऊन विकले.

"लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या अंघोळीचं पाणी बावीवरून वाजतगाजत आणतो ना आपण?" ती म्हणाली. "मग माझ्या भाचीला काय टँकरखाली उभी करू?"

लोक हसले. ती हसली नाही.

"हसा. रविवारी मिस्सा झाली की मी उतरणार आहे खाली. कुणी दोर धरला तर बरं होईल."

तिचे गुडघे जिना चढतानाही कुरकुरायचे. तिला कोण उतरू देणार? रविवारी अख्खा पाडा बावीवर हजर. कोळीवाड्यातल्यांनी न मागता जाड दोर आणि पंप आणून दिला. पाणी उपसलं, हवा बरी आहे का ते बघायला पेटता कंदील खाली सोडला, आणि मग मी उतरलो. माझ्यामागून दोर धरून कोण येतंय म्हणून वर पाहिलं, तर तोच शेजारी.

गाळ मांड्यांपर्यंत होता आणि वास असा, की पहिली घमेली आम्ही नाकाला रुमाल बांधून भरली. फ्रिज वर जाताना आते ओरडली, "हळू रे, भिंतीला लागेल!" शेजाऱ्याने कपाळावरचा चिखल पुसला आणि भिंतीवर हात फिरवला. "काय बसवलेत यार," तो म्हणाला. "एक दगड हललेला नाही." मीही हात लावून पाहिला. ते दगड बसवणाऱ्यांचं तोंडही आम्ही पाहिलेलं नव्हतं.

नवं पाणी आलं ते गढूळ. पुन्हा उपसलं. तिसऱ्या उपशानंतर तळ दिसायला लागला, आणि पाणी तपासून घेतल्यावर आतेने पहिला तांब्या स्वतः ओढला.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका लाल लुगडी नेसून, डोक्यावर घागरी घेऊन बावीवर निघाल्या. पुढे बँडबाजा. नवऱ्याकडची माणसं मुलुंडहून आली होती. त्यांतल्या एकाने मोबाइल काढत विचारलं, "अजून असं करतात?"

"इतर ठिकाणचं माहीत नाही," शेजारी ताठ उभा राहून म्हणाला. "इथे करतात."

गेल्या उन्हाळ्यात पाण्याची लाइन फुटली आणि नळ कोरडे पडले. आमचं काही अडलं नाही. पलीकडच्या पाड्यातल्या बायकाही हंडे घेऊन आल्या. आतेने कठड्याशी स्टूल टाकलं आणि दिवसभर तिथून हलली नाही. आलेल्या प्रत्येकीला ती आधी पेला भरून पाणी द्यायची आणि तिच्या तोंडाकडे बघत बसायची. "गोडं आहे गं!" हे ऐकल्याशिवाय ती हंडा भरू देत नव्हती.