उलट्या वाऱ्यातून आलेली हाक

देवावर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकतो. बायकोच्या भजनी मंडळाने ‘तुमचा तो धरणावरचा अनुभव लिहून द्या’ म्हणून महिनाभर माझ्यामागे लकडा लावला आहे. असले अनुभव मी वाचले आहेत. त्यांत लिहिणारा पहिल्या ओळीपासून भोळाभाबडा असतो, त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असतं आणि शेवटी सगळं गोडगोड होतं. माझं तसं झालेलं नाही. मी चिडून निघालो होतो, अर्ध्या वाटेत आणखी चिडलो, आणि आजही मला सगळं पटलेलं नाही. तरी जे घडलं ते लिहून न ठेवणं कृतघ्नपणाचं होईल, म्हणून लिहितो.

माझं गाव रत्नागिरीच्या बाजूला, समुद्राच्या अगदी काठावर. थोरला भाऊ मासेमारी करायचा. दादासारखा देवभोळा माणूस मी पाहिला नाही. दर्याला हात जोडल्याशिवाय त्याने कधी होडी पाण्यात लोटली नाही. मी अठरा वर्षांचा असताना वादळ आलं. आईने देव पाण्यात ठेवले, गावाने नवस बोलले, आणि दादा परत आला नाही. त्याचं शरीरही सापडलं नाही. तेराव्यानंतर ते देव मीच पाण्यातून काढून फडताळात ठेवले आणि त्यांना सांगितलं की तुमचा आमचा संबंध संपला. पुढे नाशिकला आलो, अंबडच्या एका कारखान्यात लेथवर उभा राहून आयुष्य काढलं, पण कुठल्या देवळाची पायरी चढलो नाही. बायको दिंडोरीकडची. तिच्या माहेरी पाण्याच्या देवतांची, साती आसरांची मोठी भक्ती. ती तिचं करायची, मी माझ्या रागात राहायचो, आणि संसार त्यातूनही बरा झाला.

देव सुटला तरी पाणी सुटलं नाही. निवृत्तीनंतर मी एक सपाट बुडाची फायबरची छोटी नाव घेतली. ती धरणाच्या पूर्वेच्या काठावर ठेवायची, गळ टाकून बसायचं. दुसरा नाद मधमाश्यांचा. सातेरी माश्यांच्या चार पेट्या मी गॅलरीत ठेवल्या होत्या. सोसायटीतल्या ज्या मंडळींनी दोन वर्षं माझ्याकडून मध नेला, त्यांनीच एक दिवस माझ्या दारावर ‘पेट्या तातडीने हटवाव्यात’ अशी नोटीस चिकटवली. कोणाच्या तरी पाहुण्याला माशी चावली होती म्हणे. ती गांधीलमाशी होती, पण पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी धरणाच्या पश्चिमेच्या काठावर ओळखीच्या शेतकऱ्याच्या जांभळीखाली पेट्या नेऊन ठेवल्या. रस्त्याने वळसा घालून नेल्या तर खड्ड्यांनी पोळी मोडतात. नावेतून नेल्या तर एक पोळं हलत नाही.

जूनच्या सुरुवातीला समुद्रात वादळ उठलं आणि ते किनारा ओलांडून आमच्याकडे येणार अशा बातम्या सुरू झाल्या. ती जांभळीची जागा अगदी उघड्यावर होती. पेट्या तिथे राहिल्या असत्या तर उडून गेल्या असत्या. पुण्याहून मुलाचा फोन आला, बाबा, जाऊ नका. मी त्याला म्हटलं, वादळ म्हणजे काय ते मला शिकवू नकोस. वारा संध्याकाळी पोचणार होता. पहाटे जाऊन पेट्या घेऊन नऊच्या आत परतायचं असा माझा बेत होता. पेट्या चढवायला दुसरे हात हवेत म्हणून बायको बरोबर आली. तिला पोहता येत नाही. हे मला माहीत होतं आणि तरीही मी तिला नेलं. त्या दिवशीच्या माझ्या सगळ्या रागांच्या खाली ही एक गोष्ट होती.

माश्या बाहेर पडायच्या आत आम्ही पेट्यांच्या दारांना जाळी लावली आणि त्या नावेत ठेवल्या. निघायचं तर बायको म्हणाली, दोन मिनिटं थांबा. त्याच काठावर उंबराखाली शेंदूर लावलेले सात दगड आहेत, साती आसरा. तिने पिशवीतून खण, नारळ, हिरव्या बांगड्या, दहीभाताचा डबा असं सगळं काढलं. घरून आणलं होतं, मला पत्ताही लागू न देता. दोन मिनिटांची वीस मिनिटं झाली. मी वल्ही हातात धरून धुमसत होतो. पश्चिमेला आभाळ शाईसारखं होत चाललं होतं आणि ही एकेका दगडाला बांगडी वाहत होती.

अर्ध्या पाण्यात होतो तेव्हा वारा आला. संध्याकाळी नव्हे, सकाळी साडेसातला. पाठोपाठ असा पाऊस की चारही काठ पुसले गेले. मी तिच्यावर ओरडलो, वीस मिनिटं लवकर निघालो असतो तर आता आपल्या काठाला असतो. हे मला आजही खरं वाटतं. तिने पेट्यांवरची ताडपत्री दोन्ही हातांनी दाबून धरली.

आमच्या कोकणात लहानपणापासून शिकवतात की वादळात होडीचं तोंड वाऱ्याकडे ठेवायचं आणि काठापासून दूर राहायचं, कारण काठ म्हणजे खडक आणि खडकावर होडी फुटते. मी नाव पश्चिमेकडे वळवली आणि वल्हवू लागलो. वल्हवणाऱ्याची पाठ पुढे असते, त्यामुळे माझं तोंड पूर्वेच्या काठाकडे होतं, आणि समोर मागच्या फळीवर बायको. वारा आम्हांला त्या काठाकडे ढकलत होता, मी विरुद्ध ओढत होतो. किती वेळ ते सांगता येणार नाही. उजवा खांदा पेटला, तळहात सोलले, नावेत घोट्याएवढं पाणी झालं. तिचं लुगडं भिजून अंगाला चिकटलं होतं. मला दादा आठवला नाही. मला एवढंच दिसत होतं की नाव उलटली तर मी पोहेन आणि ही बुडेल. मी मनातल्या मनात देवाला जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही.

पाऊस जरा विरळ झाला तेव्हा बायकोच्या खांद्यावरून मला लांब काठावर एक बाई दिसली. बोटाएवढी. डोक्यावर गोणपाटाची खोळ. आणि मला शेजारून कोणी बोलावं इतकं स्वच्छ ऐकू आलं, “वल्ही सोडा, बाबा. सोडून द्या.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याच्या सात पिढ्या दर्यावर गेल्या, त्याला काठावरची एक बाई सांगते वल्ही सोड. मी आणखी जोर लावला. तेवढ्यात बायको पुढे वाकली. तिची पाठ काठाकडे होती. तिने त्या बाईला पाहिलंही नव्हतं, ऐकलंही नव्हतं. ती शांतपणे म्हणाली, “अहो, दमलात तुम्ही. सोडा आता. जे व्हायचं ते दोघांचं होईल.”

मी वल्ही सोडली. भक्तीने नाही, हात उरले नव्हते म्हणून. वल्ही आत ओढली आणि तिचे हात धरून बसलो. नाव आडवी झाली, एक मोठा लोंढा आत आला आणि मला वाटलं, संपलं. पण सपाट बुडाची नाव पानासारखी तरंगत निघाली. वाऱ्यानेच तिला काठाकडे नेलं. मी खडकाच्या आवाजाची वाट पाहत होतो. आवाज आलाच नाही. उन्हाळ्याने पाणी उतरलेलं, काठाला नुसता मऊ गाळ, आणि त्यात नाव जाऊन बसली.

त्या बाईने आम्हांला आपल्या झोपडीत नेलं. ही पेठ तालुक्याकडची माणसं, द्राक्षबागांत मजुरीला येतात आणि काम नसलं की धरणावर मासे धरतात. तिने कोरा चहा दिला आणि माझी चांगली खरडपट्टी काढली.

“आमचा मानूस टायरच्या ट्यूबवर बसून जाळं टाकतो. ट्यूबीला वल्हं असतंय का? वारा आला का हात आवरून बसायचं, तो आनतो काठाला. हितं दगूड नाय, चिखुल हाय. तुमी उगा भांडत व्हता.”

मी तिला म्हटलं, बरं झालं तुम्ही ओरडलात. ती हसली. “वरडले खरी, पन ऐकू गेलं व्हय? वारा तर तुमच्याकडून माझ्याकडं व्हता. शेजारच्या खोपीत आवाज जाईना.”

मी चहाचा पेला खाली ठेवला. होडीवर वाढलेल्या माणसाला हे कोणी समजावून सांगावं लागत नाही. वादळात उलट्या वाऱ्यातून शंखाचा आवाज येत नाही, भोंग्याचा येत नाही. मला शब्द न् शब्द ऐकू आला होता. यावर मी वाद घालणार नाही. बायको म्हणते, त्या आसरा होत्या. मी म्हणतो, ती पेठकडची एक मजूर बाई होती, तिला दम्याचा त्रास आहे आणि तिचा चहा अति गोड असतो. दोन्ही खरं असेल.

चारही पेट्या वाचल्या. त्या तिच्याच झोपडीमागे ठेवल्या आहेत. पहिला मध तिला दिला.

वादळ सरून पाणी शांत झाल्यावर, पुढे एका दिवशी, बायकोला घेऊन मी पलीकडे गेलो. ती नावेतच थांबली. मी उंबराखाली त्या सात दगडांपुढे बसलो. हात जोडले नाहीत. सरळ विचारलं, मला हाक ऐकू आली, तर माझ्या दादाला का नाही आली? त्याने तुमचं काय कमी केलं होतं? मोठ्याने बोललो, खूप बोललो, आईबद्दल, त्या फडताळाबद्दल. उत्तर आलं नाही. पण बोलता बोलता माझ्या ध्यानात आलं की उभा जन्म मी देव नाही असं सांगत फिरलो आणि इतकी वर्षं रोज त्याच्याशीच भांडत होतो. नसलेल्या माणसावर कोणी इतकं रागावत नाही. मग मी कपाळ मातीला टेकवलं. राग गेला म्हणून नव्हे, तो वाहायला मला दुसरी जागा नव्हती म्हणून.

परत आलो तेव्हा ती नावेतलं पाणी उपसत होती.

“झालं भांडून?” तिने विचारलं.

“आजचं झालं,” मी म्हणालो. ती धडधाकट समोर बसली होती, कोरड्या लुगड्यात, आणि माझ्यावर हसत होती. तेव्हा मात्र माझे हात आपोआप जोडले गेले.