आमच्या घराला जिना नव्हता

धाड ते बुलढाणा जीप चालवणाऱ्या माझ्या बाबांइतका गोड माणूस त्या रस्त्यावर दुसरा नाही, असं सगळे म्हणायचे. म्हातारीला हात धरून पुढच्या सीटवर बसवतील, बाजाराच्या दिवशी कुणाची कोंबडी टपावरून उडाली तर गाडी थांबवून तिच्यामागे धावतील, कुणाचं लेकरू सीटवर ओकलं तर एक शब्द न बोलता स्वतः फडकं घेऊन पुसतील. "तुहे बाबा लय भारी हायेत वं," असं शाळेत कुणी म्हटलं की मी मान डोलवायचे. खोटं काहीच नव्हतं त्यात. फक्त ते हसू गाडीतच राहायचं. घरात येणारा माणूस वेगळा. भाजीत मीठ कमी पडलं, टॉवेल ओला राहिला, काहीही पुरायचं. आधी आईला मार, मग मध्ये पडले म्हणून मला. आणि मी मध्ये पडायचेच. माझी जीभ लहानपणापासून कात्रीसारखी. संध्याकाळी जीपचा हॉर्न ऐकू आला की माझी भूक मरायची.

दहावीत असताना एकदा गालावर वळ घेऊन शाळेत गेले. थापा मारण्यात मी पटाईत होते. "जिन्यावरून पडली," असं सांगून टाकलं आणि डबा उघडला. माझ्या मैत्रिणी दोनच. एकीची आई आमच्याच गल्लीत, घरी शिवणकाम करायची, तिला मी खाला म्हणायचे. दुसरीची आई अंगणवाडीत होती, ती मावशी. खालाची पोरगी पोळीचा घास मोडता मोडता म्हणाली, "तुह्या घराले जिना कुठं हाय वं?"

आमचं घर पत्र्याचं. उंबरठा सोडला तर चढायला काही नव्हतं. मावशीची पोरगी फिसकन हसली, मीही हसले, आणि हसता हसता रडायलाच लागले. सगळं सांगून टाकलं. वर धमकीही दिली, "कोनाले सांगसान त जीव घेईन तुमचा." घराची अब्रू जशी काही मला एकटीलाच सांभाळायला दिली होती.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी दोघी दप्तरं घेऊन सरळ आमच्या दारात उभ्या.

"काका, आमच्या घरी टीव्ही चालू राह्यते. इथं बसू काय अभ्यासाले?"

दारी आलेल्याला नाही म्हणणं बाबांना ठाऊकच नव्हतं. "बसा ना माय, हे काय इचारनं झालं?" मग आईला म्हणाले, "चहा ठेव वं जराशी." इतक्या मऊ आवाजात, की हे कुणाला म्हणताहेत म्हणून आईनं मागं वळून पाहिलं.

पाहुण्यासमोर हा माणूस गाडीतलाच माणूस असतो, हे त्या दोघींना कळलं आणि मग त्या रोजच्याच झाल्या. बाबा जेवून घोरायला लागेपर्यंत उठायच्या नाहीत. रविवारी बाबा स्वतः अंगणात गोवऱ्या पेटवून कणकेच्या गोळ्यांचे रोडगे भाजायचे, त्यांना आग्रह करकरून तूप वाढायचे. आमची भूमिती होती तिथंच राहिली, पण दोघींचे गाल वर आले.

मला मात्र संताप यायचा. माझ्यासाठी कुणीतरी पहारा द्यावा, ह्याची लाज वाटायची. "मले कीव नको तुमची," मी एकदा फटकारलंच.

"कीव कोनाले येऊन राह्यली?" खालाची पोरगी म्हणाली. "मी त रोडग्यासाठी येते."

पुढच्याच रविवारी वाढताना आईच्या हातून गरम वरण बाबांच्या पॅन्टवर सांडलं आणि बाबा विसरले. घरात पाहुणे आहेत हे साफ विसरले. हात वर गेला. आईनं नेहमीसारखे डोळे मिटले. मी ताटावरून उठणार, तेवढ्यात मावशीची पोरगी बोलली, "काका, गाडीत कोनी सांडलं त तुमी फडकं घेता ना?"

हात खाली आला. पण बाबांचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. "उद्यापासून इथं यायचं नाई," ते म्हणाले. "आपापल्या घरी करा अभ्यास." आणि बाहेर जीपमध्ये जाऊन बसले.

मैत्रिणी गेल्या. मी आईला म्हणाले, "संपलं आता." परीक्षा तोंडावर होती आणि पुन्हा ते घर, तो हॉर्न आणि आम्ही दोघीच. मला फार भीती वाटली. आई वरण पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई घराला कडी लावून खालाकडे गेली. मार खाऊन ती आजवर कुणाकडे गेली नव्हती. तिथं काय बोलली, ते तिनं मला कधीच सांगितलं नाही. शाळेतून आले तर आमच्या घरात ही मैफल! खाला साडीला फॉल लावत बसलेली, मावशी सुपात तुरीची डाळ निवडतेय, माझ्यामागून दप्तरं घेऊन ह्या दोघी हजर, आणि आई मधोमध कणीक मळतेय.

हॉर्न वाजला. बाबा दारापर्यंत आले आणि थांबले. दारात चपलाच चपला, त्यांची काढायला जागा नव्हती.

"भाऊ, आमी आता रोज इथंच बसनार," खाला हसत म्हणाली. "पोरीईची परीक्षा होवोस्तोर. आन त्याच्या बाद बी."

"आन कोनाचा हात उठला त ठाण्यात जाऊन बसू," मावशी सूप पाखडत म्हणाली. "तिथं बी चहा भेटते म्हनतात."

बाबांनी एकदा चपलांकडे पाहिलं. मग स्वतःच्याच घराच्या दारातून त्यांनी विचारलं, "येऊ काय आत?"

आईनं कणकेवरची नजर वर केली नाही. "या ना. चपला घालून आले तरी चालते. हात तेवढे बाहेर ठेवून या."

मग खालाच्या तोंडातला दोरा सुटला, मावशीची डाळ सांडली आणि सगळं घर हसायला लागलं. त्यानंतर सगळं आलबेल झालं असं मी म्हणणार नाही. बाबांचा आवाज पुढंही चढायचा. पण तो चढला की आई अंगणात जाऊन खालाला हाक मारायची, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

त्या संध्याकाळी बाबा दोन्ही हात पाठीमागे बांधून, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखे आत आले आणि कोपऱ्यात बसले. आईनं पहिली पोळी माझ्या ताटात टाकली. हॉर्न वाजून गेला होता, बाबा घरात होते, आणि मला कडकडून भूक लागली होती.