तुरीच्या आडची कपाशी

१४ नोव्हेंबर. हातातलं काम: आर्णी तालुक्याच्या पीकनकाशाच्या दोन प्रती छापायच्या, डबा भरायचा आणि यवतमाळहून सकाळी सहाची बस पकडायची.

नकाशा आमच्या कार्यालयातल्या संगणकाने उपग्रहाच्या चित्रांवरून केला होता. त्याला आधी शिकवावं लागतं: ही तूर, ही कपाशी, हे पडीक. त्यासाठी जागेवर जाऊन घेतलेल्या नोंदी लागतात, आणि त्या अख्ख्या तालुक्याच्या वीसच होत्या. त्यातल्या सहा मी महिन्यापूर्वी आर्णीजवळच्या एका गावात घेतल्या होत्या. त्या गावात संगणकाने जिकडेतिकडे तूर दाखवली, कपाशीचं एकही शेत नाही, तेव्हा मला शंका आली. परतीच्या पावसाने बोंडं सडली होती, आणि नकाशात कपाशी दिसेल त्याच गावांत पंचनाम्याची माणसं जाणार होती. नकाशा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत द्यायचा होता.

यवतमाळ सोडलं आणि धुकं उतरलं. उपग्रहाच्या चित्रात आम्ही हिरवं पीक लाल रंगात पाहतो. वर्षानुवर्षांच्या सवयीने बसमध्ये डुलकी लागली की मला शेतं लालच दिसतात. डोळे उघडले की हिरवी, मिटले की लाल. खरी कोणती हे ठरेपर्यंत आर्णी आलं. स्टँडवर आलुबोंडा खाताना रस्सा साडीवर सांडला. तो पुसला आणि ऑटोत बसले.

गावाबाहेर पहिल्याच वावरात (शेतात) नसीमबी भेटल्या. नवऱ्याचं आर्णीत पंक्चरचं दुकान. वावर त्या बघतात. नकाशात त्यांचं शेत तुरीच्या रंगाचं होतं, आणि समोर डोक्याच्या वर गेलेली, पिवळ्या फुलांची तूर उभी होतीच. मी म्हटलं, नकाशा बरोबर आहे, माझीही इथली नोंद तुरीचीच आहे.

त्यांनी विचारलं, "कुठून पाह्यलं व्हतं, ताई?"

"जीपमधून. चिखल होता."

"मंग जीपले दिसली तेवढी लिवली तुम्ही. आत या."

तुरीचे चार तास (ओळी) हातांनी सारत आम्ही शिरलो. दवाने बाह्या भिजल्या. पाचव्या पावलाला तूर संपली आणि पुढे कपाशी, थेट धुक्यापर्यंत. कापूस कुठे संपतो आणि धुकं कुठे सुरू होतं ते कळेना. रस्त्यावरचा ट्रक आवाजापुरता उरला. किती वेळ उभी होते ठाऊक नाही. नसीमबींनी एक काळं पडलेलं बोंड हातात ठेवलं तेव्हा भानावर आले. त्याला कुजका वास येत होता.

काठाने तूर कशाला, मी विचारलं. रस्त्याच्या बाजूने सगळं गावच लावतं, त्या म्हणाल्या. उघड्या कपाशीला नजर लागते, आणि नजरेपेक्षा जाणाऱ्यायेणाऱ्यांचे हात वाईट.

"लोकायपासून लपवाले लावली," त्या हसल्या. "सरकारपासूनबी लपते, हे मले काय मालूम?"

माझ्या सहाही नोंदी त्याच रस्त्याच्या होत्या. दुपारपर्यंत आम्ही सहाही शेतांत शिरलो. प्रत्येक ठिकाणी तूर, पाच पावलं, मग पांढरं. चौथ्या शेतानंतर मला वाटायला लागलं, आपण एकाच शेतात पुन्हापुन्हा शिरतोय. प्रत्येक शेताच्या मधोमध उभं राहून मी नवी नोंद घेतली. मग धुऱ्यावर (बांधावर) बसून माझा डबा आणि त्यांची भाकर खाल्ली.

"आता येतीन ना पंचनाम्यावाले?"

"नकाशा बदलला तर."

"मंग बदला. चूक तर तुमचीच हाय."

परतीच्या बसमध्ये डोळे मिटले तर शेतं लाल नव्हती, हिरवीही नव्हती. संगणकाने माझंच ऐकलं होतं. त्या गावाबद्दल त्याला दुसरं सांगणारं कोणी नव्हतं, आणि मी चपला चिखलात घातल्या नव्हत्या.

सकाळी साहेबांना सांगितलं, सहा नोंदी चुकल्या, माझ्याकडून. त्या पुसल्या, आतल्या भरल्या, नकाशा पुन्हा करायला लावला. अकराच्या सुमारास गाव कपाशीच्या रंगाचं झालं. काठची तूर उमटलीच नाही. चार ओळींची पट्टी उपग्रहाला दिसण्याइतकी रुंद नसते. नकाशा पाठवला आणि नसीमबींना फोन करून सांगितलं: कपाशी दिसली, तूर लपली.